घरचा स्टुडिओ – भाग ६ : मशीन किती वॅटचं घ्यायचं?

मागच्या आठवड्यात स्पीकर खोलीत कुठे ठेवायचे, भिंतीपासून किती सोडायचे, कानाच्या किती उंचीवर आणायचे, हे पाहिलं. आता त्यांना ताकद पुरवणाऱ्या यंत्राकडे वळू. मंडपवाल्यापासून कीर्तनातल्या साथीदारापर्यंत आपल्याकडे ॲम्प्लिफायरला सगळे ‘मशीन’च म्हणतात. आष्टीतल्या दुकानात जा, कड्याला जा, नाहीतर थेट नगर गाठा, काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘भाऊ, किती वॅटचं दाखवू?’ घरच्या स्टुडिओसाठी मशीन घेणाऱ्याने या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नये. दहा बाय बाराच्या खोलीत वॅटचा नंबर बराच खाली लागतो. त्याच्याआधी विचारण्यासारखं पुष्कळ आहे.

ज्यांच्याकडे अजून काहीच नाही, त्यांनी मात्र पॅसिव्ह स्पीकर आणि वेगळं मशीन या वाटेला जाऊच नये. पेटीतच ॲम्प्लिफायर बसवलेले ॲक्टिव्ह मॉनिटर घ्यावेत. जुळवाजुळवीची कटकट कंपनीनेच मिटवलेली असते. हा भाग आहे तो पॅसिव्ह जोडी आधीच हाताशी असलेल्यांसाठी. कुणाच्या माळ्यावर जुन्या डेकचे बॉक्स पडून असतात, कुणाच्या भावाने पुण्याहून बुकशेल्फ स्पीकर पाठवलेले असतात, कुणाला गुंडाळलेल्या स्टुडिओतली जोडी स्वस्तात मिळालेली असते. भजन, भारूड, कीर्तनाच्या क्लिपा, ऊसतोडीवरची गाणी, यूट्यूबसाठी निवेदन असं काम घरातून करू पाहणाऱ्यांची सुरुवात बहुधा अशीच होते, आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. यामाहाचा एनएस-१० हा स्पीकर १९७८ साली आला तो घरी गाणी ऐकण्यासाठी. घरांत तो फारसा रुजला नाही; पण ध्वनिमुद्रकांनी त्याला उचललं आणि २००१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत त्याची पांढऱ्या कोनची जोडी जगभरच्या स्टुडिओंत मिक्सरच्या वर उभी दिसायची. तोही पॅसिव्ह, आठ ओहमचा. त्यालाही वेगळं मशीन लागायचंच.

आता वॅटचा हिशेब एकदाच नीट मांडू, म्हणजे दुकानात गोंधळ होणार नाही. स्पीकरच्या माहितीत ‘सेन्सिटिव्हिटी’ असा एक आकडा असतो. समजा तो ८७ डेसिबल आहे. याचा अर्थ, त्या स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. मिक्सिंगला आपण साधारण सव्वा मीटरवर बसतो, त्यामुळे दोन डेसिबल घटतात. स्पीकर दोन असल्याने तीनेक वाढतात. म्हणजे खुर्चीत बसल्यावर ८८ डेसिबल, आणि तेही दोन्ही स्पीकरना एकेकच वॅट देऊन. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने कानासाठी दिवसाला आठ तास ८५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायला सांगितलं आहे. तेव्हा दिवसभर काम करायचं असेल तर सरासरी आवाज ८० च्या आसपासच ठेवावा लागतो, आणि त्याला पाव वॅटसुद्धा लागत नाही.

मग बाकीचे वॅट कशाला? हलगीची थाप, पखवाजाचा ‘धा’, टाळांचा एकत्र पडलेला ठोका यांसाठी. हे आवाज क्षणभरच येतात, पण सरासरीच्या वर १५-२० डेसिबल उसळतात. ८० ची सरासरी धरली तर उसळी १०० पर्यंत जाते. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट होतात : ८८ ला एक, ९१ ला दोन, ९४ ला चार, ९७ ला आठ, १०० ला सोळा. संपला हिशेब. स्पीकर थोडा जड, म्हणजे ८४ डेसिबलचा असेल तर सोळाचे बत्तीस करा. एका बाजूला २० ते ३० खरे वॅट मिळाले की घरच्या स्टुडिओचं भागतं. शंभर वॅटचं मशीन घेतलं तर ५० च्या तुलनेत फक्त तीन डेसिबल जास्त मिळतात. एवढा फरक कानाला जाणवतो, पण पैसे मोजताना वाटतो तेवढा नसतो.

यातून निघणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुमचं जवळपास सगळं काम मशीनच्या पहिल्या वॅटमध्ये होणार आहे. तेव्हा तो पहिला वॅट स्वच्छ हवा. मंडपात शंभर माणसांच्या गलक्यात मशीनची ‘सूंऽऽ’ ऐकू येत नाही. स्टुडिओत स्पीकर हाताच्या अंतरावर असतो आणि तीच सूं दिवसभर कानात बसते. ती असली की गायकाच्या श्वासाखालची खरखर तुम्हाला कळत नाही, रिव्हर्बचं शेपूट कुठे संपतं ते कळत नाही. पारख सोपी आहे. मशीनला स्पीकर जोडा, इनपुटला काहीही लावू नका, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि ट्वीटरपाशी कान न्या. मग व्हॉल्यूम नेहमीच्या कामाच्या खुणेपर्यंत वर घ्या आणि पुन्हा कान लावा. हलकी सळसळ प्रत्येक मशीनला असते. पण खुर्चीत बसून ऐकू येत असेल तर ते मशीन परत करा. दुकानदाराला दोन मिनिटं पंखा बंद करायला सांगण्यात संकोच बाळगू नका.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे येऊ. हल्ली तळहाताएवढी क्लास-डी मशीन सर्रास मिळतात आणि त्यांच्यावर ‘१०० वॅट + १०० वॅट’ असं ठसठशीत छापलेलं असतं. खोकं बाजूला ठेवा आणि सोबत आलेला ॲडॅप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. खरं काय ते तिथे लिहिलेलं असतं. समजा ‘१२ व्होल्ट, ५ अँपिअर’ लिहिलंय. बारा पंचे साठ. म्हणजे ॲडॅप्टर मशीनला सलग देऊ शकतो तेच ६० वॅट. साठ घेऊन दोनशे बाहेर काढणारं यंत्र अजून जन्माला आलेलं नाही.

याहून नेमका हिशेबही करता येतो. या छोट्या क्लास-डी मशीनमधली बहुतेक ब्रिज पद्धतीने चालतात. त्यांच्यासाठी ॲडॅप्टरच्या व्होल्टचा वर्ग करायचा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागायचं. आठ ओहमचा स्पीकर असेल तर १६ ने, चार ओहमचा असेल तर ८ ने. बारा व्होल्टचा वर्ग १४४. आठ ओहमला मिळाले ९ वॅट. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावला तर ३६१ भागिले १६, म्हणजे साडेबावीस. चोवीस व्होल्टला ५७६ भागिले १६, म्हणजे ३६. हे कमाल आकडे. आवाज फाटण्याआधी प्रत्यक्षात हाती येतात ते याहून जरा कमीच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही चिप अशा असंख्य स्वस्त मशीनमध्ये असते. तिच्या माहितीपत्रकात ‘५० वॅट’ आहेत हे खरं, पण ते २१ व्होल्टला, चार ओहमच्या स्पीकरवर आणि दहा टक्के विकृती चालवून घेतल्यावर. दहा टक्के विकृती म्हणजे आवाज उघड फाटलेला. त्या पातळीवर मिक्सिंग होत नाही.

म्हणजे ही चिप वाईट का? मुळीच नाही. १९ किंवा २४ व्होल्टचा चांगला ॲडॅप्टर दिला तर तीच टीपीए ३११६ आपल्याला हवे असलेले वीसेक वॅट बिनबोभाट देते. फक्त मशीनवर जास्तीत जास्त किती व्होल्ट चालतात ते वाचून घ्या आणि त्यापुढे जाऊ नका. तिच्या वरच्या पायरीवर टीपीए ३२५५ ही चिप आहे. आयिमा ए०७ आणि फोसी व्ही३ या मशीनमध्ये ती आहे. तिला ३२ व्होल्टचा ॲडॅप्टर जोडला तर आठ ओहमवर साठेक वॅट होतात. घरच्या कामाला ही गरजेपेक्षा जास्त आहे, पण स्पीकर ८४-८५ डेसिबलचे असतील तर ती घ्यावी.

आकडे फुगवण्याचा हा धंदा नवा नाही. नव्वदच्या दशकातल्या डेकवर ‘पीएमपीओ’ लिहून हजार-दोन हजार वॅट छापलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. त्या आकड्याला कुठल्याही मोजमापाचा आधार नव्हता. अमेरिकेत ही फसवाफसवी इतकी वाढली होती की १९७४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाला ॲम्प्लिफायरचे वॅट कसे मोजायचे आणि कसे छापायचे याचा नियमच करावा लागला. तुम्ही फक्त ‘आरएमएस’ किंवा सलग मिळणारे वॅट पाहा, आणि तेही किती ओहमवर व किती विकृतीला, हे विचारा. सांगता आलं नाही तर ॲडॅप्टर आहेच.

ओहमबद्दलही इथेच सांगतो. जुन्या डेकच्या बॉक्सवरची पट्टी बऱ्याचदा निघालेली असते. मल्टिमीटरने वायरीची दोन टोकं मोजा. सहा-सात ओहम आले तर स्पीकर आठचा, तीन-साडेतीन आले तर चारचा. मीटरवरचा आकडा छापील आकड्यापेक्षा कमीच येतो, त्यात बिघाड काही नाही. तीनच्याही खाली आला तर मात्र ती जोडी छोट्या मशीनला लावू नका, मशीन तापेल.

गावात सहज मिळणारं आणखी एक मशीन म्हणजे मंडपाचं. आहुजा ही १९४० पासूनची दिल्लीची कंपनी, आणि आपल्याकडे देवळात, शाळेत, सप्ताहात तिचं मशीन नाही असं गाव विरळा. काकांकडे जास्तीचं आहे, तेच लावू का, असं अनेकांच्या मनात येतं. ते मशीन ज्या कामासाठी बनलंय त्यात चोख असतं : लांबवर माणसाचं बोलणं पोहोचवणं. पण त्याचं आउटपुट एकच, मोनो. त्यावर डावं-उजवं मिक्स करता येणार नाही. शिवाय त्याच्या मागे चार, आठ, सोळा ओहमच्या स्क्रूंशेजारी ७० आणि १०० व्होल्टचे स्क्रू असतात. ते भोंग्यांसाठी. शंभर-दोनशे मीटर वायर ओढताना ताकद वाटेत मुरू नये म्हणून व्होल्ट चढवून पाठवतात आणि प्रत्येक भोंग्यापाशी ट्रान्सफॉर्मर लावून उतरवतात. साधा आठ ओहमचा स्पीकर चुकून त्या १०० व्होल्टच्या स्क्रूला लागला तर त्याची कॉइल जळायला वेळ लागत नाही. सप्ताहाचं मशीन सप्ताहालाच राहू द्या.

आपल्याच भागात असेंबल केलेल्या मशीनचं काय? ४४४० आयसीवरची, टीडीए २०३० वरची, किंवा सी५२०० आणि ए१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या लावलेली मशीन नगर-बीडला बनवून मिळतात. कारागीर चांगला असेल तर त्यातलं २०३० चं साधं मशीन दहा-बारा वॅट नेटके देतं, आणि बिघडलं तर दुरुस्तीला पुणे गाठावं लागत नाही, हा मोठाच फायदा. बनवून घ्यायचं ठरवलं तर दोन अटी घाला. एक, यूएसबी-ब्लूटूथचं किट बसवू नका. स्वस्त किटमधून बारीक किरकिर थेट स्पीकरमध्ये उतरते, आणि ब्लूटूथने आवाज उशिरा पोहोचत असल्याने रेकॉर्डिंगला ते तसंही उपयोगाचं नाही. दुसरी, बास-ट्रेबलचा भाग वगळता येईल असा स्विच ठेवा. ५.१ च्या पाट्यांमध्ये बास कायमचा फुगवलेला असतो. त्यावर मिक्स केलेलं गाणं तुमच्या खोलीत भरदार वाटतं आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर पोकळ.

आता विजेबद्दल. पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत हा भाग सापडत नाही, आणि आष्टीत मशीन निवडताना माझ्या मते तोच निर्णायक आहे. नियमाने घरात २३० व्होल्ट यावेत, सहा टक्के इकडे-तिकडे, म्हणजे २१६ ते २४४. पण थ्री फेज आली, शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की वस्तीवरच्या घरात व्होल्टेज किती उतरतं ते बल्बकडे पाहूनच कळतं. ट्रान्सफॉर्मर असलेलं जुन्या धाटणीचं मशीन या उताराबरोबर स्वतःही उतरतं. २३० चे १७० झाले तर आतले व्होल्ट पाऊणपट होतात आणि वॅट निम्म्याच्या आसपास येतात. ४० वॅटचं मशीन २२ वॅटचं होतं. दुपारी स्वच्छ वाजणारी हलगी संध्याकाळी त्याच व्हॉल्यूमला फाटायला लागली, तर स्पीकरला दोष देण्याआधी व्होल्टेज मोजा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला ॲडॅप्टर मात्र १७० वरही आपले २४ व्होल्ट इमानाने देत राहतो. आपल्या भागासाठी ॲडॅप्टरवर चालणारं क्लास-डी मशीन मी पुढे करतो ते मुख्यतः यामुळे. इन्व्हर्टरवर काम करणाऱ्यांनाही हेच सांगणं : स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचं मशीन गुरगुरतं, शक्य असेल तर साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्या.

वीज गेल्यावरही या मशीनचा एक मार्ग उरतो. टीपीए ३११६ चं मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालतं. मध्ये फ्यूज घाला, प्लस-मायनस नीट बघून जोडा. भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे आठ ओहमवर दहाएक वॅट मिळतात. निवेदन, अभंग, एकट्या गळ्याचं काम याला ते भरपूर. लॅपटॉपही बॅटरीवर असेल तर घरच्या वायरिंगशी संबंधच तुटतो आणि स्पीकरमधली घुंऽऽ जवळजवळ नाहीशी होते. इतका शांत आवाज महागड्या मशीननेही आपल्याकडच्या लाइनीवर मिळणं अवघड.

ती घुंऽऽ येते कुठून? बहुतेक वेळा अर्थिंगमधून. एक उपकरण दोन पिनांचं, दुसरं तीन पिनांचं, आणि घराची अर्थिंग नावापुरती. आष्टी पडते पर्जन्यछायेत, बालाघाटच्या डोंगररांगेत, आणि खाली मुरूम. कोळसा-मीठ घालून पुरलेली अर्थिंगची प्लेटसुद्धा एप्रिल-मेमध्ये कोरडी ठक्क होते. त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायला लागा. मशीनपेक्षा घरातल्या माणसांसाठी ते जास्त गरजेचं आहे. लॅपटॉप, इंटरफेस आणि मशीन तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. एवढ्याने घुं बरीच कमी होते. कुणी तीन पिनांमधली मोठी पिन काढून टाकायला सांगेल. घुं खरोखर जाईल, पण शॉर्ट झालेलं मशीन कुणाच्या तरी हाताला करंट देईल. हा उपाय कधीही करू नका.

जोडणीत तीन ठिकाणी लक्ष हवं. इंटरफेसमधून निघणारी वायर एका टोकाला पी-३८ आणि दुसऱ्या टोकाला आरसीए अशी तयार मिळते, तीच आणा; मधे कन्व्हर्टर जितके कमी तितकी खरखर कमी. स्पीकरसाठी घरच्या वायरिंगची तांब्याची दीडची वायर पुरते. तीन मीटर अंतरात तिचा अडथळा ओहमच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो, तेव्हा महागड्या केबलवर पैसे घालवू नका. तिसरी बाब जरा धोक्याची आहे : ब्रिज पद्धतीच्या मशीनमध्ये काळा स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे, तिथेही चालू आउटपुट असतं. दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र पिळून एकच वायर मशीनपर्यंत आणायची सवय जुन्या डेकवाल्यांना असते. इथे तसं केलं की चिप जाते.

दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलतात का, तेही पेन्सिल सेलवर पाहून घ्या. मशीनची वायर काढा, दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलचं प्लस लाल टोकाला असताना कोन पुढे उडी मारायला हवा. दोन्ही बाजूंना तसंच व्हायला हवं. एक पुढे आणि एक मागे जात असेल तर गायकाचा आवाज मध्यभागी बसत नाही, बास विरतो, आणि माणूस इक्वलायझर फिरवत बसतो.

थोडक्यात, आष्टीतल्या खोलीत आठ ओहमची साधारण ८७ डेसिबलची जोडी असेल तर माझी निवड अशी : टीपीए ३११६ चं ब्लूटूथ नसलेलं मशीन, सोबत नामांकित कंपनीचा २४ व्होल्ट, निदान चार अँपिअरचा ॲडॅप्टर. मशीनवर २४ व्होल्ट चालतात असं लिहिलेलं नसेल तर लॅपटॉपचा १९ व्होल्टचा. स्पीकर जड असतील तर टीपीए ३२५५ चं मशीन. उरलेले पैसे मशीनच्या पुढच्या मॉडेलवर खर्च करण्यापेक्षा गोधड्या आणि कापसाच्या पॅनेलवर खर्च करा. खोलीतला घुमारा कुठलंही मशीन काढून देत नाही.

खरेदीला जाताना स्पीकर घरी ठेवून जाऊ नका. न्यू आष्टीहून नगरला जाणारी रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ पासून सुरू झाली आहे, अंतर ६६ किलोमीटर. जोडी पोत्यात गुंडाळून बरोबर नेता येते. शंभरदा ऐकलेलं एक गाणं आणि स्वतः रेकॉर्ड केलेला एक आवाज पेन ड्राइव्हवर घ्या, मल्टिमीटर खिशात टाका, आणि दुकानात आधी शांतता ऐका, मग गाणं. दुकानदार जोडून दाखवायला तयार नसेल तर दुसरं दुकान गाठा.